ऐकणाऱ्याचे उत्तर

कार्डाचा वरचा कोपरा दुमडलेला होता, आणि अंगठ्याच्या नखाने तो सरळ करताना त्याच्या लक्षात आले की सकाळपासून आपण हे तिसऱ्यांदा करतो आहोत — कोपरा सरळ होई, बोट उचलले की पुन्हा मान टाकी. कार्डावर एकच इंग्रजी क्रियापद होते, ‘कीप’, आणि त्याखाली, जन्मभर फळ्यावर यंत्रांची चित्रे काढलेल्या हाताच्या उभ्या, मोजक्या अक्षरांत, सतरा अर्थ. कोरडे ठेवा, अंतर राखा — हे खोक्यांवरचे, यंत्रांवरचे. मग शब्द पाळणे, दूध टिकणे, माणूस सांभाळणे... निवृत्तीनंतर तंत्रनिकेतनाच्या कोशाचे काम आले तेव्हा त्याला वाटले होते, चांगले भारदस्त शब्द वाट्याला येतील. समितीने ही रोजची, पायांत घुटमळणारी क्रियापदे गळ्यात मारली.

व्युत्पत्तीच्या रकान्यात ‘मूळ अज्ञात’ लिहायला त्याला चार दिवस लागले होते. शब्द जुन्या इंग्रजीत होता, पण भाऊबंद भाषांत त्याचे खात्रीचे नातलग कोणालाच सापडलेले नव्हते. आणि त्या जुन्या काळी त्याचा एक अर्थ होता — लक्ष देणे, डोळा ठेवून असणे. हे त्याला खटकले होते. हातात धरण्यावरून मनात धरण्याकडे अर्थ सरकला असता तर ते रीतीला धरून झाले असते; इथे प्रवास उलटा दिसत होता...

फोन वाजला. मुलगा.

“बाबा, आत्यासाठी पाहिलेल्या त्या वृद्धांच्या केंद्रातून पुन्हा विचारलं. पाचपर्यंत कळवलं नाही तर खोली दुसऱ्याला देतील.”

“कळवतो.”

“कालही हेच म्हणालात. तुमच्या त्या शब्दाचे अर्थ किती झाले?”

“सतरा.”

“मला एकच पुरे. हो की नाही? बाबा, गॅस चालू राहिला होता. आत्याच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि तुमच्याही.”

गॅस चालू राहिला होता, हे खरेच. मागच्या महिन्यात. ताई ब्याऐंशीची, दोन वर्षांपासून एकेक गोष्ट तिच्या आठवणीतून निसटत चाललेली. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता, आणि त्याला वाढवले ते ताईने. तिने लग्न का केले नाही हे घरात कोणी कधी उच्चारले नाही, कारण ते कारण जेवायला समोरच बसलेले असे.

त्याने चिठ्ठ्यांचा गठ्ठा ओढला. प्रत्येक अर्थासमोर खरोखर कानांनी ऐकलेले मराठी वाक्य हवे, हा नियम त्याचाच. चिठ्ठीवर वाक्य, बोलणाऱ्याचे नाते, तारीख, वेळ. ऐकणाऱ्याचे उत्तर लिहायचे नाही, कारण उत्तराने वाक्य गढूळ होते. बहुतेक चिठ्ठ्या ताईच्याच होत्या. घरात दुसरे बोलणारे कोण? तिच्या तोंडचे जुने, ठसठशीत मराठी तो गेले वर्षभर टिपत आला होता, खिशातल्या पेन्सिलीने, आणि ती चेष्टा करी — “काय रे, माझ्यावर पाळत ठेवायला सरकारनं नेमलाय का तुला?” तीही चिठ्ठी होती. अर्थ क्रमांक नऊ.

अकराव्या अर्थाची चिठ्ठी त्याने उचलली. ‘मला इथेच ठेवशील ना रे?’ — बहीण, चौदा फेब्रुवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.

त्याने ती दोनदा वाचली. उद्गारचिन्ह नाही, प्रश्नचिन्ह नीट काढलेले. मग मी काय म्हणालो? खुर्ची आठवली, खिडकीतले ऊन आठवले, पेन्सिलीचे टोक बोथट झाले होते आणि ‘ठेवशील’मधला ‘ठ’ फुगीर आला होता, तेही आठवले... ती त्याच्याकडे पाहत होती की खिडकीकडे? तो काही बोलला तरी होता का? की वेळ पाहायला मनगट वळवले, वाक्य टिपले, आणि चांगला नमुना मिळाल्याच्या समाधानात उठून गेला? चिठ्ठी हे सांगत नव्हती. तिने ते सांगू नये अशी व्यवस्था त्यानेच केली होती.

पाचला वीस मिनिटे होती. चिठ्ठी घेऊन तो तिच्या खोलीकडे गेला.

ताई पलंगावर बसून टॉवेलाची घडी घालत होती. “कोण?”

“मी.”

“मी म्हणजे तूच. इतकं हळू दार आणखी कोण उघडणार? चोर येतात ते यापेक्षा जास्त आवाज करतात.”

तो तिच्यासमोर बसला. “ताई, फेब्रुवारीत तू मला एक विचारलं होतंस.”

“काय बाई?”

त्याने वाचून दाखवले. आवाज काढायला गेला तर तो वर्गातला निघाला, म्हणून पुन्हा, हळू, वाचले. ताईचे हात घडीवर थांबले.

“मग? तू काय म्हणालास?”

“आठवत नाही.”

तिने त्याच्याकडे निरखून पाहिले, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू पसरले — त्यात टोमणा नव्हता. सोबत मिळाल्यासारखे काहीतरी होते. “तुलासुद्धा?” ती म्हणाली. “बरं, नाही आठवत तर नाही. आत्ता सांग.”

ती थांबली. आज ती नीट थांबली होती, डोळे त्याच्यावर ठेवून, अगदी जागी; उद्या ती अशी असेलच असे नव्हते. त्याच्या मनात गॅस आला, मुलाचा थकलेला आवाज आला, केंद्रातली ती स्वच्छ, उजेडाची खोली आली, आणि सात वर्षांचा तोही आला, ज्याला हा प्रश्न कधी विचारावाच लागला नव्हता. आजवर तो चुकीच्या वाक्याला भीत आला होता; वाक्य चुकले तर खोडता येते, नवे कार्ड घेता येते. आता त्याला वेगळीच भीती वाटली, आणि नवल म्हणजे ती भीती त्याला नकोशी झाली नाही — आपण जे बोलू ते, बोलताक्षणी, खरे होऊन बसेल.