वीतभर झालरीचा पट्टा

मी पट्टा आहे. कमरेचा नव्हे, पाण्यावरचा. नदीत तेल सांडलं की आडवं तरंगायचं आणि त्याला पुढं जाऊ द्यायचं नाही, एवढंच माझं काम. अंगात फोम, वर केशरी कापड आणि पाण्याखाली लोंबणारी वीतभर झालर. तेल अडवते ती झालरच.

गडहिंग्लजजवळच्या आमच्या गावच्या पुलावर एक टँकर कलंडता कलंडता वाचला, तेव्हा सरपंच वर्षाराणींनी पट्टा घ्यायचं मनावर घेतलं. विक्रेत्यानं दोन नमुने आणले. दुसऱ्याची झालर हातभर, तिला जड साखळी. तो उचलताना चौघांची दमछाक झाली. मला बचत गटाच्या दोघींनी सहज उचललं.

"दिवसा गावात पुरुष माणूस न्हाय. बायकांना उचलंल त्योच घ्यायचा की," वर्षाराणी म्हणाल्या.

बंधाऱ्याच्या गाळ्यांत लोखंडी बरगे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या, घालून पाणी तुंबवलेलं होतं. त्या गप्प पाण्यावर मी झोकात तरंगलो. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मीही फुगलो. वाहत्या पाण्यात मला कुणी घालून पाहिलं नाही.

यंदा माघात जळक्या ऑईलचा टँकर खरंच नदीत गेला. बायका धावल्या, मला बंधाऱ्याच्या अलीकडं आडवं बांधलं. काळा तवंग माझ्यापाशी येऊन थांबला. मी धरून होतो, अगदी खरं सांगतो.

पण वासानं लोकांची डोकी उठली. नदीला घाण आली की बरगे काढून ती पुढं लावून द्यायची, ही इथली जुनी सवय. बंधाऱ्याखालच्या डोहातल्या मासळीवर यल्लव्वाचं घर चालायचं. नवरा गेल्यापासून तिला दुसरा आधार नव्हता. ती धापा टाकत वर आली.

"सरपंचबाई, बरगे काढू नगासा. खाली माझा डोह हाय."

"यल्लव्वाक्का, पट्टा हाय की. तेल हितंच ऱ्हातंय, निस्तं घाण पाणी जाईल."

माझ्यावर एवढा भरवसा! बरगे निघाले. पाण्यानं ओढ घेतली, माझी झालर फरफटत वर आली आणि तेल खालून निघून गेलं. मला ओरडताही आलं नाही.

सकाळी यल्लव्वा गुडघाभर पाण्यात उभी राहून मेलेले मासे घमेल्यात भरत होती. वर्षाराणी काठावर आल्या. "चुकलं माझं," म्हणाल्या.

"तुमी तर काय करशिला," यल्लव्वा म्हणाली आणि पुन्हा वाकली.

आता मी पंचायतीच्या शेडमागं पडलोय. अंगावरचं तेल वाळून चिकट झालंय. यल्लव्वा हातकणंगल्याला एका खानावळीत भांडी घासते, असं ऐकलं.

लांब झालरीचा नवा पट्टा घेऊन विक्रेता पुन्हा येणार आहे. घ्या, जरूर घ्या. फक्त, मला निवडलं त्या दिवशी सगळे बंधाऱ्याच्या वरच उभे होते. खालच्या यल्लव्वाला बोलवावं, असं कुणालाच वाटलं नाही. या वेळी तिला हाक मारा, असं म्हटलं असतं, पण तिच्या दाराला कुलूप आहे.