चालकाचं नाव

मित्रांनो, मी बंपर. पुढचा. मागचा वेगळा असतो आणि आमचं फारसं पटत नाही. रिव्हर्स घेताना कधीतरी खांब लागतो, तेवढ्यावर तो वर्षभर कुरकुरतो. मी आता जुना झालोय, डाव्या कोपऱ्यात उभा फुटलोय, आणि धाराशिवात वैजनाथच्या गॅरेजच्या आवारात भिंतीला टेकून उभा आहे. एका बाजूला फाटकं सीट कव्हर, दुसऱ्या बाजूला ऑइलचे दोन रिकामे डबे. तक्रार नाही. दुपारनंतर इथं सावली येते.

माझा जन्म चाकणकडच्या एका कारखान्यात झाला. प्लॅस्टिकचे दाणे वितळवून साच्यात घातले, थंड केलं, पांढरा रंग मारला आणि एका छोट्या गाडीच्या तोंडाला बसवलं. लोकांना वाटतं बंपर शोभेसाठी असतो. कसली शोभा आलीय! पुढून जे काही येईल ते आधी माझ्यावर येतं. धूळ, किडे, गोठ्यातलं शेण, गल्लीतल्या पोरांचा चेंडू, सगळं.

गाडी घेतली येडशीच्या पिराजी आबांनी. आबा एसटीत ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं गाडी चालवली आणि एकही अपघात केला नाही, असं ते स्वतः सांगायचे. विनाअपघात सेवेचा बिल्लाही मिळाला होता. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी, धाकट्या मुलाचं लग्न उरकल्यावर, त्यांनी आमची गाडी घेतली. काय जपायचे मला! ओल्या फडक्यानं पुसायचे, मग कोरड्या. गल्लीतून जाताना कुत्रं आडवं आलं तर हॉर्नसुद्धा हळू वाजवायचे. आठ वर्षांत मला एक ओरखडा गेला नाही. मला तर लाजच वाटायची. बंपर असून काही कामच नाही.

काम नाही म्हणून विम्याचा क्लेमही नाही. क्लेम घेतला नाही की पुढच्या वर्षी विमा कंपनी हप्त्यात सूट देते, आणि ती वाढत वाढत निम्म्यावर जाते. आबांची सूट पन्नास टक्क्यांवर गेली होती. दरवर्षी विम्याचा कागद आला की अंगणात उभं राहून ते तो आकडा मोठ्यानं वाचायचे. "पन्नास टक्के! कंपनीला बी कळतंय, गाडी कुणाच्या हातात हाय ते."

पुढं घरात एक अडचण आली. आबांच्या घरच्या, मालनबाई, त्यांच्या किडन्या गेल्या. दोन वर्षांपासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात डायलिसिसला न्यावं लागायचं. चार तास मशीनवर. बसनं जायचं तर जाताना जमायचं, येताना जमायचं नाही. येताना त्यांच्या अंगात उभं राहण्याचंही बळ नसायचं. म्हणजे गाडी पाहिजेच, आणि ती चालवणारं कुणीतरी पाहिजेच. चालवायचे आबा. वय एकाहत्तर.

घरात त्यांची नात होती, वृषाली. तिचे आईवडील नोकरीसाठी नांदेडला, आणि ही कॉलेजसाठी आजीआजोबांकडं. वय एकोणीस. तिनं धाराशिवात ड्रायव्हिंगचा क्लास लावला, परीक्षा दिली, आणि पक्कं लायसन्स पोस्टानं घरी आलं. तिनं ते अंगणातच आबांच्या हातात दिलं.

"आबा, आता शुक्रवारचं मी नेत जाते आजीला. तुम्ही नुसतं मंगळवारचं बघा."

आबांनी लायसन्स उलटंसुलटं करून बघितलं, "चांगलं झालं," म्हणाले आणि परत दिलं. किल्ली मात्र दिली नाही.

ह्याला कारण शेजारचे धनाजी. किराणा दुकान त्यांचं, पण गिऱ्हाईक नसलं की मोबाइल बघत बसायचे आणि जे बघितलं ते आबांना येऊन सांगायचे.

"आबा, पोरीच्या हातात गाडी देऊ नगा. विमा डबल व्हतो. म्या व्हिडिओ बघितलाय. इंग्लंडात अठरा वर्षांच्या पोराचा विमा गाडीपरीस महाग असतोय."

"आपल्याकडं बी तसंच असंल."

"असंलच की! कंपन्या सगळीकडल्या सारख्याच."

वृषाली म्हणाली, "आबा, एकदा एजंट मंजुषाताईला फोन करून विचारा तरी."

"विचारलं की नोंद व्हती, बाई. मग हप्ता चढवत्यात," आबा म्हणाले.

झालं! विचारायचं नाही, कारण विचारलं तर महाग होईल. मी समोर उभा राहून ऐकत होतो आणि मला सांगता येत नव्हतं की, अहो, एक फोन करा.

मग ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी आबांना सणसणून ताप भरला. मालनबाईंचा शुक्रवार चुकवता येत नाही. आबांनी अंथरुणातूनच किल्ली दिली. वृषालीनं नेलं, दवाखान्यात चार तास थांबली, आणि दुपारी आजीला घेऊन परत निघाली. छान चालवत होती. उगाच कौतुक म्हणून सांगत नाही. गिअर वेळेवर, वेग बेताचा.

रामलिंगच्या फाट्याजवळ पुढची गाडी अचानक थांबली. आतल्या माणसांना माकडांना केळी घालायची होती. केळी पडली रस्त्याच्या मधोमध, आणि सगळी माकडं तिथंच धावली. वृषालीनं ब्रेक दाबला, गाडी डावीकडं घेतली, आणि कडेचा मैलाचा दगड सरळ माझ्या अंगावर आला.

दुखलं, मित्रांनो. खोटं कशाला सांगू. मी फुटलो, एक दिवा फुटला, रेडिएटर आत दबला, बॉनेट वर आलं. पण दोघींनी पट्टे लावले होते. कुणाला खरचटलंही नाही. केळीवाली गाडी मागं न बघता निघून गेली.

अर्ध्या तासात धनाजींच्या मोटारसायकलवर मागं बसून आबा आले. डोक्याला मफलर, अंगात ताप.

मालनबाई म्हणाल्या, "मला काय बी झालं न्हाय. पोरीकडं बघा आधी, कशी कापतीया."

आबांनी वृषालीच्या डोक्यावरून हात फिरवला, मला एकदा बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ऐका. गाडी म्या चालवत होतो. सगळ्यांनी हेच सांगायचं."

"व्हय का?" मालनबाई म्हणाल्या. "गादीवर पडून चालवलीत?"

"तू गप बस. एकोणीस वर्षांच्या पोरीचं नाव लिवलं तर कंपनी एक पैसा द्यायची न्हाय. आणि पोरीच्या नावावर अपघात लागला तर जन्मभर विमा महाग. माझं काय, मी म्हातारा. माझ्या नावावर जाऊ दे."

वृषाली नुसती रडत होती.

गाडी ओढून वैजनाथकडं आणली. त्यानं खर्च सांगितला बेचाळीस हजार, आणि कंपनीचा होकार आल्याशिवाय काम सुरू करणार नाही म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. मंगळवारी मालनबाई बसनं गेल्या. येताना येडशीच्या स्टँडवर उतरल्या आणि तिथंच फरशीवर बसल्या. उठवेना. वृषालीनं हे वैजनाथला येऊन सांगितलं. क्लेम मिळाला नाही तर असे किती मंगळवार जाणार होते, कोण जाणे.

बुधवारी एजंट मंजुषाताई फॉर्म घेऊन गॅरेजात आल्या. चाळिशीच्या, चष्मा, हातात फाइल. माझ्यापुढं स्टूल टाकून बसल्या आणि एकेक रकाना भरू लागल्या. गाडीचा नंबर, तारीख, ठिकाण.

"चालकाचं नाव?"

"पिराजी. म्या चालवत होतो," आबा म्हणाले.

मंजुषाताईंनी पेन टेकवलं, तेवढ्यात वृषाली बोलली.

"ताई, आबा खोटं सांगतायत. गाडी मी चालवत होते. आबा घरी तापानं पडलेले होते."

"वृषे!"

"नाही आबा. मी ठोकली, तर माझं नाव लिहा."

"तुला कळत न्हाय! तुझ्या आजीला बसनं न्यायचं हाय का जन्मभर? मंजुषाबाई, तिचं ऐकू नगा. ल्हान हाय. हे घ्या माझं लायसन्स. लिवा नंबर." आबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून लायसन्स काढलं आणि बॉनेटवर आपटलं.

मंजुषाताईंनी ते उचललं, चष्मा वर केला आणि जवळ धरून वाचलं. मग दोन्ही हातांनी आबांना परत दिलं.

"काका, ह्याची मुदत जूनमध्येच संपलीय."

"कशाची?"

"लायसन्सची. चार महिने झाले. तुमचं नाव लिहिलं असतं तर कंपनीनं क्लेम तिथंच फेटाळला असता."

आबा लायसन्स डोळ्यांपासून लांब धरत, जवळ आणत बघत राहिले. डेपोत असताना नूतनीकरणाची आठवण ऑफिसातला बाबू करायचा. निवृत्तीनंतर दोनदा स्वतः केलं, आणि पुढची तारीख डोक्यातून पार निघून गेली. चार महिने, दर मंगळवार-शुक्रवार, मालनबाईंना शेजारी बसवून ते बिनलायसन्सचे गाडी चालवत होते. हे त्यांच्या ध्यानात आलं तसे ते बाजूच्या टायरवर बसले.

"आणि पोरीच्या वयाचं?" त्यांनी हळूच विचारलं.

"आपल्याकडं कंपनी चालवणाऱ्याचं वय बघत नाही, काका. लायसन्स चालू आहे का बघते. क्लेम घेतला की सूट जाते, मग चालवणारा एकोणीसचा असू दे नाहीतर सत्तरचा. तुमची पन्नास टक्के गेली. पुढच्या वर्षी तीनेक हजार जास्त भरावे लागतील. बाकी काही नाही. विचारायचं तरी होतं मला!"

वृषालीनं आपलं लायसन्स दिलं. चालकाच्या नावापुढं तिचं नाव लिहिलं गेलं. मी स्वतः बघितलं.

दहा दिवसांत होकार आला. बेचाळीसपैकी तेहतीस हजार कंपनीनं दिले. प्लॅस्टिकच्या भागांची निम्मीच किंमत धरतात म्हणे. आठ वर्षं गाडीच्या तोंडाला उभा राहिलो आणि मी निम्मा! असो. वैजनाथनं मला उतरवलं, नवा चकचकीत बंपर बसवला, आणि मी भिंतीकडं आलो. म्हणून पुढचं मी इथून बघितलं.

गुरुवारी संध्याकाळी दोघं गाडी न्यायला आले. दुसऱ्या दिवशी मालनबाईंचा शुक्रवार होता. आबा तोवर डोळ्यांच्या सरकारी डॉक्टरकडं जाऊन आले होते. मोतीबिंदू होता. ऑपरेशन झाल्याशिवाय डॉक्टर लायसन्सच्या कागदावर सही करणार नव्हते. म्हणजे गाडी वृषालीनंच चालवायची. आणि ती दाराला हात लावेना.

"मला नाही जमायचं, आबा. मला सारखा तो दगडच दिसतोय. रिक्षा ठरवू आपण."

"येडशीवरनं आठवड्यातनं दोनदा रिक्षा?"

"मग बाबांना बोलवा नांदेडहून. मी नाही चालवणार. तुम्ही एकतीस वर्षांत एकदाही ठोकली नाही, आणि मी पहिल्याच दिवशी."

आबा गाडीला पाठ लावून उभे राहिले. वैजनाथ आत हात धूत होता. आबांनी एकदा तिकडं बघितलं आणि मग बोलले.

"खोटं हाय ते."

"काय?"

"एकतीस वर्षांचं. नोकरीच्या पयल्या वर्षी तुळजापूरच्या स्टँडवर म्या एसटी भिंतीला घातली. बिराप्पा म्हणून जुना ड्रायव्हर होता माझ्यासंगं. त्यानं रिपोर्टात आपलं नाव लिवलं. म्हणला, तू नवा हाईस, तुझी नोकरी जाईल. माझी वाचली, बाई. त्याला त्या वर्षी मिळायचा होता तो बिल्ला मिळाला न्हाय. पुढं मला मिळाला, आणि म्या तो मिरवला. कुणालाच सांगितलं न्हाय. बिराप्पा वारला तवाबी न्हाय. तुझ्या आजीला बी ठावं न्हाय."

वृषाली त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली.

"मला वाटलं, मोठ्या माणसानं असंच करायचं असतं. म्हणून त्या दिवशी माझं नाव सांगत होतो." आबांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. "तू ठोकलीस आणि चारचौघांत नाव सांगितलंस. म्या ठोकली आणि जन्मभर दडवली. आता तूच सांग, गाडी कुणाच्या हातात द्यावी?"

त्यांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली, गाडीला वळसा घातला आणि डाव्या दारानं आत जाऊन बसले. पट्टा लावायला त्यांना वेळ लागला. त्या बाजूचा पट्टा त्यांनी कधी लावलाच नव्हता.

वृषाली मग नाक पुसून आत बसली. गाडी एकदा बंद पडली. दुसऱ्यांदा निघाली, आणि गॅरेजच्या फाटकातून नीट बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याकडं जाताना आजी-नात गॅरेजवरून गेल्या, मागं आबा बसले होते. त्या दिवसापासून एकही मंगळवार-शुक्रवार चुकला नाही, असं वैजनाथ सांगतो.

मित्रांनो, मी आता कुठल्याच गाडीला लागणार नाही, तेव्हा माझं एक ऐका. तुम्ही लहान आहात म्हणून तुमच्या हातात किल्ली देताना घरचे दहादा विचार करतील. करू द्या, बरोबरच आहे ते. पण तुम्हीही आज घरी गेलात की आजोबांकडं त्यांचं लायसन्स मागा. कशाला पाहिजे म्हणतील. रागावतील. तुझ्या जन्माआधीपासनं चालवतोय, हे सगळं सांगतील. शेजारी बसून सगळं ऐकून घ्या, आणि मग तारीख वाचा.