मूळचा कोट जरा नवा वाटतो

तो कोट तुम्ही पाहिला असणारच. सिनेमा बघितला नसेल तरी पोस्टर बघितलं असेल: पाठमोरा हिरो, उभी कॉलर, खाली ओढला गेलेला उजवा खिसा, झिजून चकाकणारं डावं कोपर. लोक म्हणाले, वा, काय अभिनय, नुसत्या पाठीवरून माणूस कळतो! अहो, पाठ हिरोची होती, कबूल. पण त्या पाठीवरून जो माणूस कळत होता तो एका शाळेचा रखवालदार होता, आणि सिनेमाचं शूटिंग सुरू व्हायच्या आधीच तो वारला होता.

त्याची बायको सिनेमाच्या कपडेपटात कामाला. तिचं काम सांगितलं की लोक हसतात. नव्याचं जुनं करायचं! शिंप्याकडून कोरे करकरीत कपडे येणार आणि ही ते सँडपेपरने घासणार, चहाच्या पाण्यात उकळणार, खिशांत दगड भरून ओलेच टांगून ठेवणार, कोपरांवर मेण चोळणार. पडद्यावरचा भिकारी इस्त्रीच्या सदऱ्यात आला तर लोक शिट्ट्या मारतील की नाही? म्हणून ही लागते. सगळे तिला जुनी मावशी म्हणत. घरात मात्र कुणी नवा कपडा तिच्या हाती देत नसे. दिला की गेला कामातून!

नवरा गेला तेव्हा मावशी रडली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. बहिणीने खांद्यावर हात ठेवून म्हणून पाहिलं, "मोकळी हो गं." ही म्हणाली, "हो, होते," आणि चहा टाकायला उठली. दात काढण्याआधी इंजेक्शन दिलं की गाल आपलाच असून आपला राहत नाही ना, तशी ती सगळीच्या सगळी झाली होती. कामावर यायची, घासायची, उकळायची, घरी जायची. कपडेपटाच्या खोलीत थंडी फार, म्हणून नवऱ्याचा कोट अंगावर घालून बसायची.

लेक परगावी दिलेली. तिने फोनवर सांगून टाकलं होतं, "आई, मला बाबांचं दुसरं काही नको. घड्याळ ठेव, रेडिओ ठेव. कोट मात्र माझा."

"तुझाच गं. थंडी सरली की घेऊन जा."

आता थंडी सरायच्या आत तिथे दिग्दर्शक उगवला. हिरोसाठी आणलेले कोट नाकारून नाकारून त्याने कपडेपटाच्या नाकी नऊ आणले होते. दारातूनच ओरडला, "हाच! मावशी, हा कुठून आणलात?"

"आमच्या ह्यांचा आहे."

"मग विचारा ना त्यांना, देतात का."

"ते गेले."

"अरेरे. सॉरी हं," तो म्हणाला. नजर मात्र खिशावरून हलली नाही. "पण देणार ना?"

इथे तिने नाही म्हणायला हवं होतं. तुम्ही-आम्ही म्हटलंच असतं. पण नाही म्हणायलासुद्धा माणसाला आधी काहीतरी वाटावं लागतं. ती एवढंच म्हणाली, "परत पाहिजे. माझ्या लेकीचा आहे तो."

"म्हणजे काय! शब्द माझा."

आता एका कोटावर सिनेमा होत नाही. हिरो नदीत पडणार, आगीतून धावणार, त्याच्या जागी उड्या मारायला दुसराच माणूस येणार. दरवेळी कोट हवा, आणि तोही तस्साच. शिंप्याने त्याच कापडाचे पाच नवे कोट शिवून दिले आणि मावशीने बाह्या वर सारल्या.

तिला काही शोधावं लागलं नाही. उजवा खिसा ओढला होता शाळेच्या किल्ल्यांच्या जुडग्याने. तिने तेवढ्याच वजनाचे दगड भरले. डावं कोपर चकाकलं होतं खिडकीत रेलून. तिने ते लाकडावर घासलं, मग मेण. दुसरं बटण लोंबत होतं, कारण बोलताना शब्द सापडला नाही की तो ते पिरगाळत बसायचा, आणि बिचाऱ्याला शब्द कधी पटकन सापडायचाच नाही. तीही बटण धरून पिरगाळत बसली. त्याने जन्मभर घालून जेवढं केलं, तेवढं तिने महिनाभरात पाच वेळा केलं. सगळे तोंडात बोट घालून बघत राहिले. खूण असावी म्हणून पाचही डुप्लिकेटना कॉलरच्या आत लाल दोरा घातला. मूळच्याला दोरा नाही.

शूटिंग सुरू झालं आणि ड्रेसदादा, म्हणजे सेटवर हिरोला कपडे चढवणारा गडी, धापा टाकत आला. हातात मूळचा कोट.

"मावशी, साहेब म्हणतात शॉट जुळत नाहीत."

"का? पाच कोटांत फरक पडलाय?"

"पाचांत नाही हो. पाच एकदम झकास आहेत. हा वेगळा दिसतो." तो जरा ओशाळला. "मूळचा कोट जरा नवा वाटतो म्हणाले. बाकीच्यांसारखा करून द्या."

खरंच होतं ते. तिने बाजूबाजूला लावून बघितलं. तिचा हात नवऱ्यापेक्षा थोडा जास्त चालला होता. कोपर तिने दोन बोटं अजून चकाकवलं होतं, बाहीची कड अजून विरवली होती. असं काम आलं की ती करायची तेच तिने केलं. कोट टेबलावर पसरला, सँडपेपर घेतला आणि घासायला लागली. नवऱ्याच्या बाहीवर, नवऱ्याच्या कोपरावर. मग चहाचं पाणी, मग मेण. आता रडू येईल, असं तिला मधेच वाटून गेलं. ती थांबली, वाट बघितली. काही आलं नाही. मग तिने उरलेली बाही पुरी केली.

त्यानंतर हिरोने कॉलर उभी करायला सुरुवात केली, आणि जवळच्या शॉटमध्ये लाल दोरा चमकायला लागला. ड्रेसदादाने कात्री घेतली आणि सगळे दोरे उडवले. मावशीला विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. गर्दीत कोण विचारतो? मग एक कोट जळला. एक नदीत गेला तो गेलाच. एक जिन्यावरून पडून उभा फाटला. उरलेले तीन कपडेपटात परत आले, एकसारखे.

सिनेमा धो धो चालला. लेक तो बघूनच थेट कपडेपटात आली. डोळे आधीच लाल. "आई, बाबांना बघून आले गं."

तिन्ही कोट दांडीवर टांगलेले. मावशी सकाळपासून त्यांच्यापुढे उभी होती. हातात धरून वजन पाहिलं, उलटे केले, नाक खुपसलं. तिन्हींना चहाचा आणि मेणाचा वास. लेकीला खरं सांगायचं तिने ठरवलं होतं. तुझ्या बाबांचा कोट जळला असेल, वाहून गेला असेल, किंवा ह्यातला असेल; मला कळत नाही, आणि कळत नाही कारण मीच तो घासला.

"यातला बाबांचा कुठला?"

"बाळ, बस आधी. तुला एक सांगायचंय..."

पण ती कुठली बसते! तिने पहिलाच कोट ओढला, आतला खिसा उलटा केला आणि किंचाळली, "हा! हा बघ, माझी शाई! शाळेत जाताना पेन बाबांच्या खिशात ठेवलं होतं आणि ते फुटलं होतं. आठवतं? बाबा रागावलेसुद्धा नव्हते." एवढं बोलून ती जमिनीवरच बसली आणि कोटात तोंड खुपसून हमसून हमसून रडायला लागली.

मावशीने बाकीच्या दोन कोटांकडे बघितलं. त्यांच्या आतल्या खिशांतही तोच डाग होता. तेवढाच, त्याच जागी, कडेला तसाच फिकट होत गेलेला. तिथे कॅमेरा कधी जाणार नव्हता. कुणी करायला सांगितलंही नव्हतं. एका दुपारी शाई, ड्रॉपर आणि कापूस घेऊन तिने तो पाच वेळा उमटवला होता, कारण डागाशिवाय तो खिसा त्याचा वाटत नव्हता.

लेकीने ओला चेहरा वर केला. रागाने नाही, नुसतंच विचारलं, "आई, तुला काहीच कसं होत नाही गं?"

आणि नेमकं तेव्हाच तिला झालं. लेकीचा हेवा वाटला. इतका, की तिला टेबलाची कड धरावी लागली. नवरा गेल्यापासून तिला वाटलेली ही पहिली गोष्ट.

"होतं की," ती म्हणाली. "कोट जड आहे, हात अवघडेल. पिशवी देते."

आणि दांडीवरचे दोन कोट काढून, ते छातीशी धरून, ती आत पिशवी शोधायला गेली.