खडकीची पाच खोकी

खोक्याचा खालचा उजवा कोपरा सतरा मिलिमीटर फाटला आहे. त्या फटीतून एका काडतुसाचं पितळी बूड दिसतं. त्यावर शिक्का आहे: के, बाण, एफ, आणि खाली १९४३. अक्षरांच्या खाचांत काळपट थर बसलाय. असा थर बसायला वर्षंच जावी लागतात.

शिक्का खरा आहे. मी भिंग बाजूला ठेवलं.

"काय झाला बाय? खोक्याशी लगीन लावतेस काय?" मन्सूरभाई दारातून म्हणाले. "साहेब साडेअकराला येतात. कागदावर सही पायजे."

आखातातल्या अल वक्रा शहरातल्या या बंगल्यात आमच्या खोलीला खिडकी नाही, कारण उन्हाने जुना कागद फिका पडतो. तापमान एकवीस, दार कार्डाशिवाय उघडत नाही. साहेबांचा जुन्या रायफली आणि काडतुसांचा परवान्याचा संग्रह इथे आहे. खरेदी मन्सूरभाई बघतात. मी रसायनशास्त्र शिकलेली; वस्तू अस्सल आहे का ते तपासून तिचं वय आणि मोल लिहिते.

सुट्या काडतुसाला फारसं मोल नसतं. मोल असतं ते न उघडलेल्या खोक्याला. उघडलं की ते दहाव्या हिश्श्यावर येतं, आणि न उघडता आत काय आहे याची खात्री देता येत नाही. म्हणून सगळी भिस्त वरच्या कागदावर, छपाईवर आणि डिंकावर.

तीन वर्षांपूर्वी, मी नवीन असताना, अशी चार खोकी आली होती. के एफ म्हणजे खडकी फॅक्टरी. माझे वडील तिथल्या कारखान्यात चौतीस वर्षं होते. माझी शाळेची वेळसुद्धा त्या भोंग्यावर ठरायची. फटीतून ती अक्षरं दिसली आणि मी कागदाकडे नीट पाहिलंच नाही. चारही फटी मुद्दाम फाडल्यासारख्या त्याच कोपऱ्यात, तेवढ्याच रुंदीच्या होत्या, हेही माझ्या लक्षात आलं नाही. मी लिहिलं, 'अस्सल, न उघडलेलं'.

विकणारा मन्सूरभाईंनी शोधलेला. साहेब इतके खूश झाले की सगळी खरेदी त्यांच्याकडे दिली. त्याच आनंदात मन्सूरभाईंनी माझ्या नवऱ्यासाठी, सुशांतसाठी, साहेबांच्या कंपनीत शब्द टाकला. अल मुंतझातला आमचा फ्लॅट त्या नोकरीबरोबर आला. तेव्हापासून रोज मन्सूरभाईच मला गाडीतून आणतात आणि सोडतात. त्यांच्या बायको मुनीराभाभी दर शुक्रवारी काही ना काही पाठवतात. गेल्या वेळी सांदणं होती.

अकरा महिन्यांपूर्वी अतिनील दिवा आला. कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात हल्ली एक रसायन घालतात. ते या दिव्याखाली निळं चमकतं. १९४३ सालच्या कागदात ते असूच शकत नाही. जेवणाच्या सुट्टीत एकटी असताना मी दिवा त्या चारांवर धरला. चारही लेबलं नुकत्याच धुतलेल्या शर्टासारखी चमकली. मी खोकी कपाटात परत ठेवली. या महिन्यात सांगू, असं दर महिन्याला ठरवलं, आणि दर महिन्याला सांगायच्या गोष्टीत आणखी एक महिना जमा होत गेला.

आता हे पाचवं.

"त्याच माणसाकडचा," मन्सूरभाई खुर्ची ओढून बसले. "साहेब पाचही प्रदर्शनाला देणार. खाली आपल्या दोघांचा नाव छापणार. रत्नागिरीत माझ्या बापाने बघितला असता तर बाजारभर कागद फिरवला असता."

"त्याला ही कुठे मिळाली, विचारलंत कधी?"

"विचारला. बापाची म्हणाला." ते हसले. "भारी बाप. आमच्या बापाने नुसता दमा ठेवला."

मी हसले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या दिव्याकडे.

"हा धरलास ह्याच्यावर?"

"धरला. कागद नवा आहे."

"आणि त्या चारांवर?"

मी कपाटाकडे पाहिलं. तेवढ्यावरून त्यांना कळलं. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसू लागले.

"तबिशच्या कॉलेजची दोन वर्षा बाकी आहेत," ते हळू म्हणाले. तबिश त्यांचा थोरला. "साहेब मला एका दिवसात कामावरून खलास करतील. सुशांतला ठेवतील, असा वाटतो तुला?"

"नाही वाटत."

"मग एवढा कर. ह्या एकाला नको म्हण. ओल लागली लिही, काय पण लिही. ती चार कपाटात आहेत, राहू देत. प्रदर्शनाचा मी बघतो. कोणाचा काय बिघडतो?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी सुचवलेली वाटही वाईट नव्हती. आज सकाळी त्यांच्याच गाडीत, त्यांच्या शेजारी बसून, मी जवळजवळ याच शब्दांत तिचा विचार केला होता.

दाराबाहेर कार्डाचा आवाज झाला. साहेब आत आले, सलाम केला आणि हात पाठीमागे बांधून खोक्यावर वाकले. नेहमीप्रमाणेच त्यांनी कशाला हात लावला नाही.

"पहिल्या चारांसारखंच आहे ना?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मन्सूरभाई चष्मा पुसतच राहिले. काच कधीच स्वच्छ झाली होती.

"सर, काडतुसं खरी आहेत, खोकं नवं आहे," मी म्हणाले. "ती चारही तशीच आहेत. मन्सूरभाईंनी ती माझ्या सहीवर घेतली. माझी तपासणी चुकली होती, आणि मला हे अकरा महिन्यांपासून माहीत आहे."