बाळकुमचा कप्पा

कल्पना करा, मुलांनो, की तुमच्या आजीच्या घरात एक कपाट आहे. दिसायला साधंच, पण त्याची गंमत अशी की ते एकाच वेळी तीन घरांत उघडतं. डोंबिवलीच्या आजीने त्यात काही ठेवलं की माजिवड्याला तुम्हाला ते दिसतं, आणि बाळकुमला बसलेल्या दुसऱ्या आजीलाही दिसतं. आत काय आहे? तुमचं बारसं, आईबाबांच्या लग्नातली पंगत, मामाने पोहायला शिकताना गिळलेलं पाणी, गणपतीतल्या आरत्या, आजीने सांगितलेल्या गोष्टी. आता हे कपाट जुनं झालंय. आतून टक् टक् असा आवाज येतो. आज दुपारी त्यातलं सगळं, एक चमचासुद्धा न हरवता, नव्या कपाटात न्यायचंय. आणि जी बाई ते नेणार आहे, ती मनातून फुगलेली आहे.

केलीत कल्पना? मग चला डोंबिवलीला.

"अहो, रिमोटने नुसता टीव्ही बंद करून नाही चालायचं," सुहासिनी फोनवर सांगत होती. "आधी ते अ‍ॅप बंद करा. टॅबवरचंही."

"केलं हो, सगळं केलं," पलीकडून हेमांगी म्हणाली. हेमांगी म्हणजे सुहासिनीची विहीण, सून आसावरीची आई, राहायला बाळकुमला.

"नाही केलंत. तुमच्या टॅबचा हिरवा ठिपका दिसतोय मला इथे."

"अगं बाई! म्हणजे मी काय बघते ते तुम्हाला कळतं की काय?"

"चालू आहे एवढंच कळतं."

"मग ठीक आहे," हेमांगी म्हणाली, आणि ठिपका विझला.

शेजारी स्टुलावर बसून संचिता हे सगळं ऐकत होती. सुहासिनीची नात, चौथीत गेलेली, आईबाबांबरोबर माजिवड्याला राहणारी. सकाळीच तिच्या बाबाने, अपूर्वने, तिला आणि एका नव्या डिस्कला डोंबिवलीत सोडलं होतं. "आई, तूच कर हे," तो म्हणाला होता. "मी घाईत काहीतरी उडवीन." आणि पाणी पिऊन तो शीळफाट्याला कामावर निघून गेला.

अपूर्व उगाच नव्हता म्हणत. सुहासिनीची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. चालू लाईनला हात लावायचा नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. मुलाने जुन्या कॉम्प्युटरवर हे घरचं कपाट मांडून दिलं, ते सांभाळलं मात्र तिने. कुठलाही व्हिडिओ आला की ती तो पूर्ण बघायची आणि त्याला नाव द्यायची. 'संचूचा पहिला दात, मागे कुकर वाजतो तिकडे लक्ष देऊ नये.' घरातले लोक व्हिडिओपेक्षा नावांनाच जास्त हसायचे.

"सांग, आधी काय करायचं?" तिने नातीला विचारलं.

"अपडेट."

"चूक. अपडेट केलं की नवीन अ‍ॅप सगळं आपल्या पद्धतीने लावून टाकतं. मग ते जुन्याला वाचता येत नाही. परतीचा रस्ता नाही. म्हणून आधी सगळं उतरवून घ्यायचं. उतरवत असताना कुणी कपाट उघडायचं नाही. प्रत्येक कप्प्यासमोर खूण असते, ती काढल्याशिवाय काही राहत नाही."

"म्हणून बाळकुमआजीला ओरडलीस?"

"ओरडले नाही. सांगितलं. आणि उतरवलेलं उघडून बघायचं. नुसतं नाव दिसलं म्हणजे आत काही आहे असं नाही. सुरुवात बघायची, शेवट बघायचा. ते काम तुझं."

संचिताने मान डोलावली. "बाळकुमआजीच्या नवीन टीव्हीवर मी केवढी दिसते माहितेय? माझं नाक तुझ्या उशीएवढं दिसतं!"

"हो का," सुहासिनी म्हणाली.

तो टीव्हीच तर सगळ्याच्या मुळाशी होता. हेमांगीने भिंतभर टीव्ही आणला, त्याला जुनं अ‍ॅप चालेना, म्हणून हे सगळं आजच करायचं. आणि टीव्हीचं तरी काय घेऊन बसायचं? माजिवड्याहून बाळकुम म्हणजे रिक्षा सुरू झाली की उतरायचंच. शाळा सुटली की संचिता तिथे. तिथे भेंडी खाते, इथे ताटात बाजूला सारते. मागच्या खेपेला झोपताना ती म्हणाली, "आमच्या घरी पंखा जोरात लागतो," आणि आमचं घर म्हणजे माजिवडा नव्हे, बाळकुम, हे सुहासिनीला विचारल्यावर कळलं. तिने विचारायला नको होतं.

डोंबिवलीला नात येते ती सुट्टीत. पण सुहासिनीला वाटे, माझ्या गोष्टी आहेत तिथे. कपाटातून मी रोज जाते तिच्याकडे. विशेषतः ती चिमणीची गोष्ट. टेलिफोनच्या तारेवर बसलेली चिमणी पायांनी सगळ्या गावाची बोलणी ऐकते, आणि कुणाचं काय कुणाला सांगायचं नाही हे हळूहळू शिकते. सुहासिनीने स्वतः रचलेली. संचितासाठी, चिमणीच्या आवाजासकट.

संचिता गॅलरीत गेली. समोरच्या इमारतीतल्या ऐश्वर्याशी तिच्या आरोळ्या सुरू झाल्या.

जुनी डिस्क टक् टक् करत होती. ती केव्हा मान टाकेल याचा नेम नव्हता. तेव्हा जे जास्त बघितलं जातं ते आधी उतरवावं, असं सुहासिनीने ठरवलं. शहाणपणाचंच होतं ते. तिन्ही घरांत मिळून सगळ्यात जास्त काय लावलं गेलं, ते तिने वर आणलं. मनात तिला ठाऊकच होतं वर काय येणार.

वर आलं ते 'चिमणीची गोष्ट'. पण तिची नव्हे. तिची दुसरी होती. पहिली होती ती बाळकुमच्या कप्प्यातली. नावही तिने दिलेलं नव्हतं, परस्पर कुणीतरी टाकलेलं.

तिने उघडलं. सोफ्यावर हेमांगी बसली होती, नीट पदर घेऊन, परीक्षेला बसल्यासारखी. "तर एका तारेवर," ती कॅमेऱ्याकडे बघत म्हणाली, "एक पोपट बसला होता."

पोपट!

सुहासिनीने ते बंद केलं. तिचे कान तापले होते. नात घेतली, भेंडी खायला लावली, ते सोसलं. आता गोष्टही घेतली, आणि पोर तीच जास्त बघते. मुलांनो, तुमच्या खोडरबरासाठी तुम्ही वर्गात भांडता ना? मोठी माणसं तशी भांडत नाहीत. ती गप्प बसतात, आणि ते फार वाईट.

उतरवायच्या कप्प्यांसमोर एकेक खूण होती. माजिवडा, डोंबिवली, लग्न, गणपती, बाळकुम. तिने बाळकुमसमोरची खूण काढली. मुद्दाम नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. नंतर घेऊ. डिस्क टिकली तर. नाही टिकली तर यंत्राला कोण काय बोलणार?

बाकीचं उतरू लागलं. ते संपत आलं तेव्हा फोन वाजला.

"सुहासिनीताई, घाई नाही हं करत," हेमांगी म्हणाली. "एवढंच सांगायचं होतं, की ह्यांचा तो कलिंगड कापतानाचा व्हिडिओ आहे ना, तेवढा सांभाळून. बोलतात ना हे त्यात. कलिंगडाशीच भांडतात."

'हे' म्हणजे मधुभाऊ, हेमांगीचे यजमान. त्यांना जाऊन चार पावसाळे झाले होते.

"तुमच्या फोनमध्ये असेलच की तो," सुहासिनी म्हणाली.

"कुठला! फोन बदलला तेव्हा सगळं काढून टाकलं मी. आसावरी ओरडली मला. मी म्हटलं, अगं, सुहासिनीताईंकडे दिलंय म्हणजे बँकेत ठेवलंय."

"हं," सुहासिनी म्हणाली.

फोन ठेवल्यावर खूण परत करायला काय लागत होतं? एक बोट. पण आता केली तर मघाशी का काढली, हे स्वतःशी कबूल करावं लागलं असतं. ती उठली आणि नसलेली धूळ पुसू लागली.

"झालं उतरवून?" संचिता आत आली. "आता माझं काम."

ती स्टुलावर चढून बसली आणि एकेक उघडू लागली. सुरुवात, मग शेवट. बारशाला रडणारी स्वतःच. लग्नात जिलेबी लपवणारा कुणी काका. ती अगदी मन लावून, ओठ आत घेऊन बघत होती, शिकवलं होतं तसं. मग ती थांबली.

"आजी, बाळकुम नाहीये."

"राहिलं असेल."

"असं कसं राहील? खूण काढल्याशिवाय राहत नाही. तूच म्हणालीस."

सुहासिनीच्या हातातलं फडकं तिथेच थांबलं. खोटं बोलायला फार वाव होता. पोर दहा वर्षांचीही नव्हती. पण जिला आपणच नीट बघायला शिकवलं, तिला आता बघू नकोस कसं म्हणायचं?

"मी काढली खूण," ती म्हणाली.

"का?"

"त्यात माझी चिमणी आहे. तुझ्या बाळकुमआजीने सांगितलेली. आणि तू सारखी तीच बघतेस. माझी नाही बघत."

संचिता तिच्याकडे बघतच राहिली. मग तिला हसूच आलं. "मी कुठे बघते! मला तर बोअर होतं ते. ती आजीच बघते."

"स्वतःचं स्वतः?"

"अगं, आधी तुझी लावते. मग तिची लावते. मग परत तिची. पाढे पाठ करतात ना, तसं. मग कुठे चुकलं ते शोधते."

"कशाला पण?"

"मला ताप आलेला ना दिवाळीनंतर? तेव्हा मी तिकडे होते. मला झोपच नव्हती येत. मी म्हटलं, मला डोंबिवलीच्या आजीची गोष्ट पाहिजे. व्हिडिओतली नको, खरी पाहिजे. मग मी खूप रडलेले. तू निघालेलीस पण बाबा म्हणाला, एवढ्या लांब नको येऊस. मग तिने शिकून घेतली."

सुहासिनीला तो दिवस आठवला. पिशवी भरून ती दाराशी उभी होती, आणि अपूर्वचा फोन आला होता. आसावरीची आई आहे ना तिथे, तो म्हणाला होता.

"मग चिमणीचा पोपट कशाला केला?" तिचा आवाज अजून फणकाऱ्याचाच होता, पण त्यात जीव उरला नव्हता.

"तिला चिमणीचा आवाज काढता येत नाही," संचिता म्हणाली. "किती ट्राय केला तिने. खोकलाच येतो. पोपटाचा येतो."

सुहासिनी खुर्चीवर बसली. तिने बाळकुमसमोर खूण केली आणि उतरवायला लावलं. जुन्या डिस्कचा आवाज बदलला. टक् टक् जाऊन आता खरवडल्यासारखं येत होतं. पडद्यावरची निळी पट्टी जराशी सरकली आणि थांबली. थांबली ती थांबलीच.

"गेलं का?" संचिताने हळूच विचारलं.

"माहीत नाही. हात लावू नकोस. आता फक्त थांबायचं."

दोघी थांबल्या. सुहासिनीच्या डोळ्यांसमोर मधुभाऊंचं कलिंगड होतं. पट्टी केसभर पुढे सरकली. परत थांबली. परत सरकली.

तेवढ्यात फोन वाजला. संचिताने उचलला आणि स्पीकर लावला.

"काय गं संचू, झालं का? लावू का टीव्ही?"

"नको आजी, थांब. तुझा कप्पा आत्ता जातोय."

"आत्ता?" हेमांगी म्हणाली. "म्हणजे बाकीच्यांचं सगळं झालं? माझंच शेवटी?"

संचिताने सुहासिनीकडे पाहिलं. खूण केली नाही, डोळे मोठे केले नाहीत. नुसतं पाहिलं.

सुहासिनी फोनजवळ वाकली. "हेमांगीताई," ती म्हणाली, "तो कप्पा राहिला नव्हता. मी ठेवला होता मागे. मुद्दाम. आता उतरतोय, पण डिस्क थकलीय, पूर्ण येईल की नाही सांगता येत नाही."

फोनमधून, बाळकुमच्या रस्त्यावर, भाजीवाला ओरडत गेला. डिस्क खरवडत होती.

"पोपट बघितलात वाटतं तुम्ही," हेमांगी म्हणाली.

"बघितला."

"मला सांगायचं होतं तुम्हाला. लाज वाटली हो."

"मलाही आत्ता तेच होतंय," सुहासिनी म्हणाली.

संचिताने फोन टेबलावर ठेवला, पट्टी दिसेल अशा जागी, आजीच्या हाताजवळ. ती दाराशी गेली. चपला घातल्या. दोघी आज्यांना तसंच एकमेकींसोबत ठेवून तिने दार अलगद ओढून घेतलं, आणि ऐश्वर्याला हाका मारत ती जिना उतरून खेळायला गेली.