सगळ्यांना गेलेली माफी

ओट्याच्या फटीत अडकलेला मुगाचा दाणा चेलना नखानं उकरत होती, आणि डाव्या कानात एक फ्रेंच बाई स्टेशनचा रस्ता सांगत होती — उजवीकडे वळा, मग सरळ जा... उजवा कान मोकळा, सासूबाईंची हाक येईल म्हणून. त्यांच्या, म्हणजे सुगनबाईंच्या, आठ दिवसांच्या उपासाचं पारणं सकाळीच झालं होतं, मुगाचं पाणी, मग राब म्हणजे पातळ पेज, आणि आता त्या आत पडून होत्या. नवरा, नवीन, दुकानात गेला होता. पर्युषण संपल्यावर धुळ्यातल्या देवपूरच्या त्या घरात अशी शांतता यायची की माणसाला आपलंच मन ऐकू यावं, आणि नेमकं तेच टाळायला तिनं फ्रेंच बाई कानात घातली होती.

फ्रेंच खरं तर मुलानं घेतलेलं, श्रेयांसनं, अकरावीत, मार्क बरे पडतात म्हणून. बारावी झाली, पुस्तक रद्दीत निघालं, ते हिनं उचललं. मग त्यानंच थट्टेनं तिला फ्रेंच शिकणाऱ्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपमध्ये टाकून दिलं. "फ्रेंचमध्ये भाजी स्वस्त मिळते का गं?" नवीन अजून विचारतो. विचारू दे. ग्रुपमध्ये देशोदेशीचे शिकाऊ लोक, आणि नियम एकच — फ्रेंचशिवाय काही लिहायचं नाही. तिथं चेलना कुणाची सून नव्हती, कुणाची थोरली बहीण नव्हती. मोजके शब्द येत होते, त्यामुळे कुणी तिच्याकडून फारशी अपेक्षाही करत नव्हतं. केवढं सुख!

फोन थरथरला. भांडी घासायला आलेली धुरपदाबाई मान वळवून अहिराणीत म्हणाली, "सकायपासून वाजी राहिना. फोनमा कोन शे, अक्का?"

"माफीचे मेसेज आहेत. काल संवत्सरी होती ना, आमच्यात सगळे सगळ्यांची माफी मागतात."

"मंग बठ्ठा नाराज शेतस का तुमनावर?"

चेलनाला हसू आलं. सगळे कशाला नाराज असणार! काल रात्री रिवाजाप्रमाणे तिनं 'मिच्छामि दुक्कडम्'चा फोटो — जोडलेले हात, खाली कमळ — एकेका नावावर टिचकी मारत पाठवला होता. नणंदा, मामेसासरे, गॅसवाला, शिंपी... कुणाचं काय दुखावलं याचा विचार त्यात कुठं असतो, अंगठा आपला चालत राहतो. आणि त्या भरात — आता तिला दिसलं — तो फोटो फ्रेंचच्या ग्रुपमध्येही जाऊन पडला होता. खाली हालिलचा प्रश्न. हालिल म्हणजे तुर्कस्तानातला निवृत्त बसचालक, ग्रुपमधला तिच्याइतकाच कच्चा विद्यार्थी. "चेलना, हे काय आहे?"

आता फ्रेंचमध्ये सांगणं आलं. तिनं शब्द जुळवले. या सणाला आम्ही म्हणतो, मी तुला दुखावलं असेल तर माफ कर. सगळे म्हणतात. सगळे माफ करतात.

"सुंदर," हालिलनं लिहिलं. "तू सगळ्यांना माफ केलंस?"

हो, असं लिहायला बोट पुढं गेलं, आणि थांबलं...

फोनमध्ये जळगावहून धाकट्या बहिणीनं, विधीनं पाठवलेला फोटो येऊन पडला होता. तेच हात, तेच कमळ. दर वर्षी धाकटी पाठवते, दर वर्षी थोरली तोच फोटो परत धाडते, आणि मधल्या वर्षभरात दोघींत एक शब्द नसतो. आई गेल्यानंतरच्या उठावण्याच्या दिवशी, सांत्वनाला बायका बसलेल्या असताना विधी म्हणाली होती, "ताई काय, पाहुणीसारखी आली नि गेली. आईचा जीव तिला नव्हताच." चेलनानं चहाचे कप उचलले आणि आत नेले. इकडे धुळ्यात सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन, तिकडे आजारी आई. दर रविवारी एसटीनं जायची, डबा घेऊन, संध्याकाळी परत... हे कुणाला सांगायचं होतं? विधीला माहीत नव्हतं का?

तिनं फ्रेंचमध्ये लिहिलं: नाही. माझी बहीण म्हणते, माझं आईवर प्रेम नव्हतं. मी माफ केलं नाही.

पाठवून झाल्यावर तिनं ते परत वाचलं. मारवाडीत, मराठीत, मनातल्या मनातसुद्धा हे इतकं सरळ कधी म्हटलं नव्हतं. शब्दच थोडे होते, आडोसा घ्यायला जागा नव्हती. ग्रुप चालवणाऱ्या लुसियानानं तेवढ्यात वाक्यातल्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि शाबासकीचा अंगठा ठेवला. मग हालिलनं विचारलं, "तुझी बहीण खरं बोलते?"

आपल्यात असं कुणी विचारलं नसतं. जाऊ दे गं, म्हणाले असते, रक्ताचं नातं आहे. चेलनाला त्या म्हाताऱ्याचा संताप आला — तुला काय करायचंय रे? — आणि लगेच कळलं, संताप त्याचा नव्हता. एसटी स्टँडवर उतरताना दर रविवारी तिच्या मनात परतीच्या गाडीची वेळ असायची. ते विधीनं पाहिलं होतं का? तिनं खोटं बोलून मला दुखावलं, की...

मला माहीत नाही, तिनं लिहिलं. हे पहिल्याच आठवड्यात शिकलेलं वाक्य होतं, तरी ते तिनं दोनदा पुसून पुन्हा लिहिलं.

मग तिनं विधीचं नाव उघडलं. फोटो परत धाडायचा, संपलं. एवढी वर्षं तेच केलं. तिनं मराठीत लिहिलं — लहानपणी दोघींची भांडणं मराठीतच व्हायची, आईला सगळं कळू नये म्हणून — "विधी, तू त्या दिवशी बोललीस ते मी माफ केलेलं नाही. तुला खरंच तसं वाटतं का?" आणि विचार बदलायच्या आत पाठवून टाकलं.

दोन निळ्या खुणा. 'टायपिंग...' असं आलं. गेलं. परत आलं.

"अक्का, नळ बंद करू का?" धुरपदाबाईनं विचारलं, आता अगदी मराठीत, चेलनाचा चेहरा बघून.

चेलनानं मान हलवली. 'टायपिंग...' पुन्हा गेलं, आणि ती फोनच्या पडद्याकडे बघत उभी राहिली. विधी काय लिहील याची भीती वाटत होती, पण त्याहून जास्त, विधी लिहायचं सोडून देईल याची. आतून सासूबाईंनी हाक मारली. ती ऐकू आली तरी चेलना जागची हलली नाही. तिला विधीचा भयंकर राग आला होता, आणि तिला विधी हवी होती.