झोपलेली गिऱ्हाइकं

नवऱ्याचे कोट एका बाजूला सारून ती कपाटात शिरली, पाय पोटाशी घेतले आणि दार आतून ओढून घेतलं. कपड्यांच्या त्या दाटीत आवाज घुमत नाही, रस्त्यावरचा गोंगाटही आत येत नाही. फोन चालू करून तिने हलकेच सुरुवात केली.

"नदीवर धुकं होतं, आणि नावाड्याला कसलीच घाई नव्हती..."

भर दुपारी तिची गिऱ्हाइकं पडदे ओढून पडलेली असायची. रात्रपाळीच्या नर्सा, पहारेकरी, कारखान्यातली माणसं. कानात तिचा आवाज घेऊन झोपी जायचं, एवढाच व्यवहार. कोण ऐकतंय ते तिला दिसत नसे, किती जण आहेत तेवढा आकडा दिसे. आयुष्यभर स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करून तिने लोकांना धावायला लावलं होतं. तिथे सगळे तिला घोषणाबाईच म्हणत. आता त्याच आवाजाने ती माणसांना निजवत होती, आणि मनातून फार सुखावली होती.

घोडं अडलं होतं ते पैशांपाशी. फोनवरचं सगळं मांडून देणारी तिची भाची रोज संध्याकाळी येऊन कपाळाला हात लावायची. सुरुवातीला त्यांनी गोष्टीच्या आधीच पैसे भरायची लिंक पाठवून पाहिली. त्या पैशांची पावती ऐकणाऱ्याच्या फोनवर नेमकी डोळा लागताना टुणकन वाजत यायची. एका नर्सबाईने चिडून कळवलं, झोपवायचे पैसे घेता की उठवायचे? मग गोष्टीनंतरची लिंक आली, ठरावीक रकमेची, संध्याकाळपर्यंत मुदतीची. गिऱ्हाईक उठून चूळ भरेपर्यंत ती बंद झालेली असायची.

"म्हणजे ज्याला झोप लागत नाही, तोच पैसे भरतो," भाची म्हणाली. "मावशी, तुझा धंदाच जगावेगळा. काम फत्ते झालं की कमाई बुडाली!"

ती हसली खरी, पण हसून भागणार नव्हतं. असंच चाललं तर मुकाट्याने स्टेशनवर परत जावं लागणार होतं, आणि नवऱ्याचं म्हणणं खरं ठरणार होतं. तिने नोकरी सोडली त्या दिवशी तो म्हणाला होता, "गोष्टी ऐकायला कोण पैसे देणार?"

तीही फणकारली होती, "तुम्हाला कधी ऐकावंसं वाटलं नाही, म्हणून कुणालाच वाटणार नाही होय?"

तेव्हापासून घरात अबोला होता. तो पहाटे बेकरीतून यायचा आणि भिंतीपलीकडच्या खोलीत निजायचा. निजायचा कसला, नुसता कूस बदलत राहायचा. खाटेची करकर ऐकून तिचा जीव तुटायचा. गावाला झोप वाटणारी ती, स्वतःच्या घरात मात्र हात टेकून बसली होती.

धीर होता तो एकाच गिऱ्हाइकाचा. कुणीतरी एक जण रोज, मुदत संपायच्या जरा आधी, न चुकता पैसे भरायचा. म्हणजे हा झोपतही होता आणि उठल्यावर आठवणीने देतही होता. कोण कुठला, काही ठाऊक नव्हतं. पण धुक्यातून नाव चाललेली असताना ती बहुतेक त्याच्यासाठीच वाचायची.

"ही बघ तिसरी," भाचीने नवी लिंक करून दाखवली. "कायमची उघडी. कधीही भरा, कितीही भरा. आणि भरणाऱ्याचं बँकेतलं नाव तुला आपोआप दिसेल. फुकटे कोण आहेत ते तरी एकदा कळू दे."

"नाव दिसतं, ते त्यांना कळतं?"

"छे!"

दुसऱ्या दिवशी गोष्ट संपली तरी ती कपाटातच बसून राहिली. उबेत तिचाही डोळा लागला. स्वप्नात नाव अजून चाललेलीच होती, आणि काठ कुठेच नव्हता. फोन मांडीवर थरथरला तेव्हा दिवस कलला होता. तिने अर्धवट डोळे उघडून नाव वाचलं. पुन्हा वाचलं. भिंतीपलीकडे खाट करकरली आणि कुणीतरी मोठी जांभई दिली.

तिने तोंडावर कोटाची बाही दाबून धरली. हसू येत होतं की रडू, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

भाची आली ती उंबऱ्यातूनच विचारत, "आलं का कुणाचं नाव?"

"ते नावाचं काढून टाक."

"अगं, मग कळणार कसं कोण..."

"नको कळायला. बाकी राहू दे तसंच, उघडं. ज्याला जेव्हा जमेल तेव्हा देईल."

"मावशी, अशाने दिवाळं निघेल."

"निघू दे."

मान हलवत भाचीने ते काढून टाकलं.

त्यानंतरच्या दुपारी तिने गोष्ट जरा लांबवली. वल्हं पाण्यात पडायचं, आणि किती तरी वेळाने वर यायचं. संध्याकाळी फोन वाजला, या खेपेला बिननावाचा. थोड्या वेळाने नवरा स्वयंपाकघरात आला. डोळे सुजलेले, आणि गालावर इअरफोनच्या वायरीचा वळ. तिने चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला, आणि इतके महिने न विचारलेला प्रश्न सहज बाहेर पडला.

"झोप झाली?"

"हं." तो कपातच बघत होता. तसाच म्हणाला, "आज लवकर लागली."

"आज मुद्दामच सावकाश वाचलं," ती म्हणाली, आणि म्हणून गेल्यावर जीभ चावली.

त्याचे कान लाल झाले. बशीत चहा ओतून त्याने फुंकर मारली, एक घोट घेतला.

"मग उद्याही तसंच वाच," तो म्हणाला.